ताप म्हणायचं नाही

९ फेब्रुवारी

ताई,

पाकीट बघून तू ते दारातच फोडलं असशील. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे. कागदावर लिहितोय, कारण दुसरा रस्ताच उरलेला नाही. सोमवारी सकाळी आपण ज्यावर बोलायचो ते सगळं बंद झालं, बाहेरच्या कंपन्यांचं एकूण एक. परदेशचा साधा फोनही लागत नाही. मी आधी आपला राउटर बंद करून चालू केला, मग शेजाऱ्यांचा. मग बातम्या लावल्या. ‘देशाच्या सुरक्षेसाठी’, एवढंच.

आणि ताई, सांगायला लाज वाटते, पण मला आनंदही झालाय. आमचं ‘हाक’ ॲप तुला माहीत आहेच. मी आणि चष्मिषने सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर बसून बनवलेलं. लिहायची भानगड नाही, नुसतं बोलायचं. विषयाप्रमाणे एकेक कट्टा, आणि कट्ट्यावर जो येईल त्याला सगळ्यांचं ऐकू येणार. तू म्हणाली होतीस, “तुझ्या हाकेला ओ कोण देणार?” आता सगळा देश ओ देतोय! बोलायला लोकांना दुसरी जागाच नाही ना. सोमवारी दुपारी आमची यंत्रणा दोनदा कोसळली. तिसऱ्यांदा उभी केल्यावर चष्मिष जमिनीवर आडवा झाला आणि म्हणाला, “दुसऱ्याचं दुकान बंद पडलं म्हणून पेढे वाटू नयेत, पण एक तरी खाऊ दे.”

आईचाही कट्टा आहे, सांगितलं होतं का? ‘सिस्टर आजी’. नजर अधू झाल्यापासून वाचणं सुटलं, तोंडाला मात्र रजा नाही. मुलांच्या वॉर्डात जन्म काढलेली बाई. आता तान्ह्या लेकरांच्या आया तिला विचारतात आणि ती सांगते. बोलायच्या आधी केस विंचरते. म्हटलं, “आई, दिसत नाही कुणाला.” तर म्हणे, “मला दिसतं ना.”

तुझं पत्र आलं की तिला वाचून दाखवीन. लवकर लिही.

तुझा
धाकटा


२ मार्च

प्रिय धाकट्या,

पत्र पोचलं. वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलंय. गोंद इतका नीट लावलेला होता, की तू लावला नसणार हे लगेच कळलं.

तुझ्या आनंदात मी आहे, अर्ध्या मनाने. उरलेलं अर्धं मन काय म्हणतं ते गोंदवाल्यांसमोर लिहीत नाही.

मी इथे ‘हाक’ फोनवर घ्यायला गेले. पाटी आली : ‘ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही.’ आपल्या देशात! माझा देश कुठला हे मला फोनने सांगितलं. हॉस्पिटलमधल्या एकीला म्हटलं, माझ्या भावाचं आहे. ती म्हणाली, “छान असेल, पण तिकडचं काही मी फोनमध्ये घेत नाही, कोण ऐकत असतं देव जाणे.” मी तुझी बाजू घेऊन भांडले. मग कॅन्टीनमध्ये एकटीच बसले.

काम तेच, दुभाषाचं. इकडच्या डॉक्टरचं तिकडच्या पेशंटला सांगायचं, तिकडच्या पेशंटचं इकडच्या डॉक्टरला. सबंध दिवस दोघांच्या मध्ये बसून बोलते, आणि स्वतःचं बोलायला घरी कुणी नाही. आधी निदान रविवारी आईचा आवाज यायचा. तिच्या कट्ट्याबद्दल वाचून हेवा वाटला. परक्या आयांना ती मिळते आणि मला नाही.

ती कशी बोलते रे तिथे? आपल्याला दटावायची तशी, की पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची तशी?

तुझी
ताई


२० मे

ताई,

उशीर झाला. कामाचा नुसता डोंगर आहे.

आता आम्ही माळ्यावर नाही. मोठी काचेची इमारत आहे, खाली झाडांच्या कुंड्या आहेत आणि माझ्या नावाची खुर्ची आहे. एका अख्ख्या मजल्यावर ऐकणारे बसतात. आमच्यात त्यांना ‘कान’ म्हणतात. बहुतेक मुली, हेडफोन लावून दिवसभर कट्ट्यांवरचं ऐकतात आणि नको ते गाळतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपेक्षा कान जास्त झालेत. नाकापेक्षा मोती जड! पण परवानगीची अटच आहे तशी.

सरकारच्या वरच्या कचेरीतले साहेब दर आठवड्याला फोन करतात, फार आपुलकीने. काय चालणार नाही ते कधी सांगत नाहीत. म्हणतात, “तुम्हाला कळतंच की.” मग आम्ही अंदाजाने गाळतो, आणि चूक व्हायला नको म्हणून जरा जास्तच गाळतो. आमच्यासारखीच एक कंपनी आहे, ‘किलबिल’. ती आमच्याहून जास्त गाळते. मग पुढच्या आठवड्यात साहेब विचारतात, “किलबिलला जमतं, तुम्हाला का नाही?” म्हणजे शर्यत आहे, फक्त मागे पळायची.

बोललेलं आता थोडं थांबून पोचतं, कानांना वेळ मिळावा म्हणून. दोन माणसांनी गप्पा मारायच्या तर मध्ये एकेक चहा होतो. गाण्याच्या स्पर्धा आणि जुन्या सामानाची खरेदी-विक्री मात्र जोरात आहे. त्यात गाळण्यासारखं काही नसतं, म्हणून आम्हीही तेच पुढे ढकलतो. चष्मिष कुरकुरतो, “आपण हाक बनवायला निघालो आणि चाळणी बनवून बसलो.” त्याला काय, मागेपुढे कुणी नसलेला माणूस.

आई मजेत. सकाळी उठून कट्ट्यावर बसते.

धाकटा

(खाली वाकड्या अक्षरात)
बाळा मी बरी आहे. डोळे नाहीत म्हणून थोडंच. हल्ली मला कुणी काही विचारत नाही. जुनी झाले असेन. आई


८ जून

धाकट्या,

तुझं पत्र एकदा वाचलं आणि आईची ओळ दहादा. तू लिहितोस ती मजेत आहे. ती लिहिते तिला कुणी विचारत नाही. दोघांपैकी कुणाचं खरं धरू?

इथल्या बातम्यांत रोज दाखवतात, आपल्याकडे नदीकाठच्या गावांत लहान मुलांमध्ये तापाची साथ आहे. दवाखान्यांच्या व्हरांड्यात गर्दी आहे. अशा वेळी आईच्या कट्ट्यावर रांग लागायला हवी. ती नाही, याचा मला एकच अर्थ लागतो. तू रागावशील, पण लिहिते. तिचं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही का? काहीतरी उलटसुलट सांगत असेल, म्हणून बायका निघून गेल्या असतील. हे मी रोज बघते. घरच्यांच्या लक्षात सगळ्यात शेवटी येतं. नाही तर लक्षात आलेलं असतं आणि ते ‘मजेत आहे’ म्हणतात.

तिला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. मी रजेचा अर्ज करू का? एकदा खरं काय ते लिही. मी मोठी आहे, झेपेल मला.

ताई


२१ जून

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. चष्मिष तिकडे नोकरी लागून येतोय. त्याच्या बुटांच्या खोक्यातून येईल आणि तिथल्या पेटीत पडेल. तेव्हा आज गोंदवाल्यांची भीती न बाळगता लिहितो.

आईच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. जे झालं ते मी केलं.

साथीची बातमी मला तुझ्या पत्रातून कळली म्हणालो तर खोटं होईल. मला आधीच कळली होती, उलट्या बाजूने. मेच्या सुरुवातीला साहेबांचा फोन आला, “अफवा पसरतायत. ताप हा शब्द नको.” मला हसू आलं. म्हटलं, “साहेब, लोक ‘डोक्याला ताप’ म्हणतात, ‘काय ताप आहे’ म्हणतात.” ते म्हणाले, “तुम्हाला कळतंच की.” आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. संध्याकाळपर्यंत किलबिलने ताप तर बंद केलाच, वर अंग गरम, कणकण, थंडी वाजते, सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्हीही केलं.

आईच्या कट्ट्यावर तेव्हा दुसरं काही बोलणंच नव्हतं. कट्टा बंद करायला माझा हात होईना. मग मी त्याहून वाईट केलं. आमच्याकडे एक बटण आहे. ते दाबलं की माणसाचं बोलणं फक्त त्याचं त्यालाच ऐकू येतं. त्याला वाटतं, सगळं नीट चाललंय. बाकी कुणापर्यंत काहीच पोचत नाही, आणि कुणाचं त्याच्यापर्यंत येत नाही. मला वाटलं, तिला कळणार नाही. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

ती रोज सकाळी केस विंचरून खिडकीशी बसायची. “बोला गं, कोण कोण आहे?” म्हणायची. थोडी थांबायची. पुन्हा, “कुणी आहे का?” मी शेजारच्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत असायचो. मग ती कुणी न विचारताच काहीबाही सांगायची, दात येताना काय करावं, टाळू कशी भरावी. शेवटी शेवटी नुसतं “बरं, उद्या येते” म्हणून फोन ठेवायची.

तुझं पत्र आलं. पाकीट या वेळी कुणी उघडलेलं नव्हतं. उघडणाऱ्याच्या घरीही मूल तापलं असेल. आईला वाचून दाखवायला बसलो. ‘तिचं डोकं’पर्यंत आलो आणि थांबलो. ती म्हणाली, “वाच ना.” मी पुढची ओळ घेतली. ती म्हणाली, “मधलं गाळलंस. मी आंधळी होतेय, बहिरी नाही.”

तेव्हा सगळं सांगितलं. बटणासकट.

तिने फोन चाचपून मांडीवर घेतला. मग म्हणाली, “म्हणजे दीड महिना मी कुणाशी बोलत होते?”

“कुणाशीच नाही.”

“अरे, भिंतीला तरी कान असतात!” आणि हसली, ताई. खरंच हसली. मग तिचा चेहरा उतरला आणि तिने विचारलं, “त्या आया मला विचारत होत्या, आणि त्यांना वाटलं मी उत्तर देत नाही?”

मी पाय धरायला वाकलो, तर तिने दंडाला धरून उभं केलं. म्हणाली, “तू घाबरलास. घाबरलेले बाप मी वॉर्डात आयुष्यभर बघितलेत. त्यांना रागवून उपयोग नसतो. आम्ही त्यांना काम द्यायचो. पाणी आण, टॉवेल ओला कर, कपाळावर धर. हात कामाला लागले की माणूस सुधारतो. ऊठ आता.”

“काय करू?”

“माझं बटण काढ.”

मी म्हटलं, बटण काढलं की कंपनी जाईल. ती म्हणाली, “मला कंपनी कळत नाही. पोरांचा ताप कळतो.”

उद्या सकाळी मी तिला कचेरीत घेऊन जाणार आहे. पुढचं माहीत नाही. चष्मिष घाई करतोय, गाडी आली आहे. तू रजेचा अर्ज करू नकोस. आत्ता इकडे येऊ नकोस.

धाकटा


१९ जुलै

धाकट्या,

चष्मिष स्वतः घरी येऊन पत्र देऊन गेला. त्यानंतर तुझी एक ओळ नाही. मी दोन पत्रं टाकली, ती मिळाली का? त्यांचंही उत्तर नाही.

मी तुझ्यावर रागावलेली नाही हे आधी वाच. रागावले होते, एक संध्याकाळ. आईला बहिरं केलंस, असं म्हणून भांडी जोरजोरात घासली. मग आठवलं, मीसुद्धा इतक्या लांब बसून तिला वेडं ठरवून मोकळी झाले होते. तू निदान शेजारच्या खोलीत होतास.

आईला चहात साखर कमी देतोस ना? काय लिहू? दोघं आहात एवढं कळव. बाकी काही नको.

ताई


२६ ऑगस्ट

ताई,

दोघं आहोत. घरीच आहोत. तुझी तिन्ही पत्रं एकदम मिळाली. हे पोस्टानेच टाकतोय, गोंदवाल्यांना यातलं सगळं आधीच माहीत आहे.

त्या दिवशी आईला कानांच्या मजल्यावर नेलं. तिथल्या मुलींची एक प्रमुख आहे, दोन लेकरांची आई, माझ्याशी कामापुरतं बोलणारी. मी तिला म्हटलं, “सिस्टर आजींचा कट्टा मी उघडतोय. तापासकट. तुमच्या कुणाच्या अंगावर येऊ नये, म्हणून तुम्ही सगळ्या घरी जा.”

तिने आईकडे बघितलं. म्हणाली, “या आजी? यांचा आवाज मी बंद केलाय, तुमच्या सांगण्यावरून.” मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “सर, आज मला ऐकू येत नाहीये.” शेजारची म्हणाली, “मलाही दडे बसलेत.” बघता बघता अख्ख्या मजल्याला दडे बसले. एकही घरी गेली नाही.

आईसाठी खुर्ची आणली, पाणी ठेवलं. पहिला प्रश्न यायच्या आधीच ती बोलायला लागली. तू विचारलं होतंस ना, कशी बोलते? दटावत नाही आणि गोंजारतही नाही. अंधारात कुणी हात धरून जिना उतरवावा तशी बोलते. पायरी आहे, आता दुसरी, आता सपाट आहे. पोराला गुंडाळू नका, सुती कपडा घाला. घोटघोट पाणी द्या, उलटी झाली तरी थोडं थांबून पुन्हा द्या. सकाळपासून शू झाली नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, हाक मारून डोळे उघडत नसेल, तर कुणाची वाट बघू नका, उचला आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या. मग प्रश्न आले. इतके आले, की त्या मुली ते कागदावर उतरवून क्रमाने आईला वाचून दाखवायला लागल्या. गाळायला ठेवलेल्या मुली, ताई, निवडून निवडून पोचवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. मग वीज गेली. म्हणजे फक्त आमच्या इमारतीची.

त्यानंतर मला काही आठवडे ‘बोलायला’ बोलावलं होतं. त्याबद्दल भेटलो की सांगेन. मारलं नाही, एवढं आत्ता पुरे. आई तोपर्यंत त्या प्रमुखबाईंच्या घरी होती, म्हणून तुझी पत्रं घ्यायला घरी कुणी नव्हतं. साहेब पहिल्यांदा समोरासमोर भेटले. मला वाटलं होतं कुणी दांडगा माणूस असेल. सर्दी झालेला, मफलर गुंडाळलेला गृहस्थ. म्हणाले, “बाहेरचे बंद केले म्हणून तुम्ही वाढलात. हे विसरलात?”

मी म्हटलं, “नाही साहेब. तेच विसरता आलं नाही.”

‘हाक’ आता किलबिलमध्ये विलीन झालंय. कान त्यांनी सगळे घेतले, ते त्यांना कितीही लागतात. प्रोग्रॅमवाल्यांची गरज नव्हती. प्रमुखबाईंना मात्र नाही घेतलं. त्या आता आईला डोळे तपासायला नेतात-आणतात, मला विचारतही नाहीत. मी एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागलोय. बटण दाबलं की माणूस खरोखर पोचतो, हे बघून बरं वाटतं.

गावांकडे सरकारी डॉक्टर शेवटी गेले. साथ ओसरली म्हणतात. किती पोरं गेली आणि किती वाचली, आईचं बोलणं कुणाच्या कामी आलं का, हे कळायला मार्ग नाही. आई कधीमधी विचारते. मी म्हणतो, आलं असणार. ती म्हणते, “तू अंदाजाने बोलतोस.”

धाकटा


१४ नोव्हेंबर

आई,

हे पत्र तुला. धाकट्या, तू फक्त वाचून दाखवायचंस, एकही शब्द न गाळता.

काल दुपारी मला मुलांच्या विभागात बोलावलं. आपल्याकडची बाई, इथे येऊन आठवडा झालेला, मांडीवर तापलेलं वर्षाचं मूल. इथली भाषा तिला येत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरी काय केलंत?” मी ते आपल्या भाषेत विचारलं. बाई म्हणाली, “आजी सांगतात ते केलं.” मला वाटलं तिची आजी असेल. तिने फोन काढला आणि त्यात साठवलेला आवाज लावला.

आई, तू होतीस.

पाठीमागे कुणाचा तरी खोकला आहे, कागदांचा आवाज आहे, आणि तू बोलते आहेस. नऊ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. मी बाईला विचारलं, हे कुठून मिळालं? ती म्हणाली, “आमच्याकडे सगळ्यांकडे आहे. ते बंद केलं ना, पण त्या दोन दिवसांत लोकांनी उतरवून घेतलं. जावेने मला दिलं, तिला तिच्या शेजारणीने. पोर झालेल्या घरी देतात. माझा थोरला यानेच वाचला. आजी कोण, कुठल्या, ते नाही माहीत.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय सांगतायत त्या? मला सगळं सांगा.” तेव्हा मी खुर्ची ओढून घेतली आणि माझं काम केलं. तू एक वाक्य बोलायचीस, बाई फोन थांबवायची, मी ते इथल्या भाषेत सांगायचे. सुती कपडा. घोटघोट पाणी. छाती आत ओढली गेली तर वाट बघू नका. डॉक्टरीणबाई मान डोलावत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बरोबर आहे. मी यात काही बदलणार नाही.” मूल ठीक आहे, एक दिवस ठेवून घेतलंय.

तेव्हा तू धाकट्याला विचारतेस ना, कुणाच्या कामी आलं का. आता तो अंदाजाने बोलणार नाही.

एक सांगायचं राहिलं. आमच्या कामात पेशंटच्या बाजूचा एकही शब्द गाळायचा नसतो. इतक्या वर्षांत मी कधी गाळला नव्हता. काल गाळला. शेवटी तू त्या आयांना म्हणतेस, “घाबरू नकोस बाळा, मी आहे.” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आणि हे शेवटचं?” मी म्हटलं, हे औषधाचं नाही.

तेवढं मी माझ्यासाठी ठेवलं.

तुझी
मोठी